रेफ्रीच्या बुटाची नाडी

त्या रेफ्रीवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कारण साधं होतं. त्याची सासुरवाडी सामनेवाल्यांच्या मोहल्ल्यात होती. सत्तरच्या दशकात नागपुरात फुटबॉल खेळणाऱ्या आम्हा पोरांना एवढा पुरावा पुष्कळ झाला.

त्याची एक सवय होती. निर्णय दिल्यावर खेळाडूंनी घेरलं, की तो हुज्जत घालत नसे. खाली बसून बुटाची नाडी सोडायचा आणि सावकाश पुन्हा बांधायचा. वाकलेल्या पाठीशी माणूस किती वेळ भांडणार? पोरं वरमून मागे सरत. मला मात्र वाटे, कुठेतरी पाणी मुरतंय. हा सामनेवाल्यांना दम खायला वेळ काढून देतोय.

सेमीफायनलला आमच्या टीममधला एक गडी जीव तोडून खेळत होता. हिंगण्याच्या एका कारखान्याचा माणूस त्यालाच पाहायला आला होता. पसंत पडला तर कारखान्याच्या टीममध्ये जागा आणि सोबत पक्की नोकरी. त्याच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. रेफ्रीने मैदानाबाहेर काढलं असतं, तर भांडखोर म्हणून तिथेच पत्ता कटला असता.

शेवटी शेवटी त्यानेच डोक्याने गोल मारला आणि रेफ्रीने ऑफसाइड दिला. माझं पित्त खवळलं. आम्ही सगळे धावलो, तसा तो खाली बसला. आमच्या गड्याने त्याच्यावर हात उगारला. मी मनगट धरलं म्हणून बरं. पण उन्हं कलली होती आणि त्या हाताची सावली रेफ्रीच्या बुटावर पडलेली मी पाहिली. सामनेवाले ओरडायला लागले, याला बाहेर काढा.

रेफ्रीने मान वर केली नाही. "मी नाडी बांधून राहिलो," तो म्हणाला. "मले काही दिसलं नाही."

आम्ही हरलो. कारखान्याच्या माणसाने मात्र आमच्या गड्याला सोमवारी बोलावलं. माझा संशय आणखीच वाढला. आमचा गोल गिळून वर आमचं तोंड बंद करायची ही युक्ती तर नसेल? मी रेफ्रीला फाटकाशी गाठलं.

"साहेब, तुम्हाले दिसलं होतं. मंग काहून सोडलं त्याले?"

"गोल तुमचा नव्हताच गा," तो शांतपणे म्हणाला. "नोकरी त्याची होती."

मी फाटकातून बाजूला होऊन त्याला वाट दिली. गड्याची नोकरी वाचली याचा आनंद होता, आणि हा माणूस आपल्याला आवडायला लागला याचा राग.