बांधावरचे खेकडे
शाळा अर्धवट सुटलेल्या मला धंद्याला आणि पुढे पदवीला लावलं ते बाईंनी. ओल्या शाडूचा वास आला की धरमतर खाडीकाठची त्यांची शेड आठवते. तिथे त्या आम्हा पोरापोरींना गणपती घडवून विकायला शिकवत. आमच्या पहिल्या मूर्ती जमिनीवर वाळत होत्या आणि अमावास्येच्या दुपारी बांधावरचे खेकडे मुकाट आत येऊ लागले. "उधाण येतंय, मूर्ती माळ्यावर चढवा," मिठागरवाल्यांची पोर म्हणाली. "ओल्या हायत गो, हात तुटतील," मी म्हटलं. "गणपतीच विरघळला तर हात काय चिखलाला लावशील?" मी बाईंकडे पाहिलं. "धंदा तुमचा, ठरवा तुम्ही," त्या म्हणाल्या. आम्ही मूर्ती उचलल्या, काहींचे हात तुटले. शेवटची चढवली तेव्हा पाणी घोट्याशी होतं. काल बाईंना पत्र लिहिलं: "आज खेकडे आत आले. माझ्या शेडमधल्या पोरांनी मला न विचारता मूर्ती वर चढवल्या. पाणी अजून चढतंय."