बोकडाला गुंडाळलेली ओढणी

यंदाच्या जानेवारीतला दुसरा शनिवार. रक्कम रुपये दोनशे, शंभराच्या दोन नोटा. हजर सात जण: आक्षेप समितीचे आम्ही तिघं, आक्षेप घेणारे भोरचे एक शिंपी आणि त्यांचा आठवीतला नातू, आणि जिच्यावर आक्षेप होता ती वेल्ह्याकडची सातवीतली मुलगी व तिच्या बाई. जागा, शाळेतला सहावीचा वर्ग. बाकं लहान होती, त्यामुळे सगळ्यांचेच गुडघे वर आलेले.

मी कामथडीत राहते. बचत गटाची इतिवृत्तं बरीच वर्षं मीच लिहिते, म्हणून काहीही सांगायचं झालं की आधी तारीख, रक्कम आणि हजेरी लिहायचा हात पडला आहे. जवळच्या एका शाळेत त्या दिवशी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या शाळांची वक्तृत्व आणि एकपात्री अभिनयाची स्पर्धा होती. आक्षेप समितीत एक पालक असावा आणि त्याचं मूल स्पर्धेत नसावं, असा त्यांचा नियम. माझी धाकटी त्या शाळेत पाचवीला आहे आणि चारचौघांत उभी राहायची वेळ आली की तिचं पोट दुखतं. म्हणून मी पात्र ठरले.

समितीचे अध्यक्ष भोरचे निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना सर म्हणत. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त बसायचं. चहा प्यायचा. इतक्या वर्षांत एकदाही आक्षेप आलेला नाही." समितीतले तिसरे होते वरवे बुद्रुकचे एक तरुण गुरुजी. ते मोबाईलवर कुणाला तरी सांगत होते, "तीनला मोकळा होतोय मी."

काम नव्हतं, म्हणून मी नियमांचा कागद वाचायला घेतला. एकोणीस नियम. स्पर्धकाने स्वतःचं, गावाचं, शाळेचं नाव सांगू नये, फक्त क्रमांक सांगावा. चौथ्या मिनिटाला एक घंटा, पाचव्याला दोन. माईकच्या दांड्याला हात लावू नये. इथपर्यंत ठीक. अकराव्या नियमाशी मी थांबले. 'रंगमंचावर विस्तव, पाणी व जिवंत प्राणी आणू नयेत.'

"सर, जिवंत प्राणी?"

"कोंबडी," सर म्हणाले. "एका पोरानं गोष्ट सांगता सांगता पिशवीतून काढली. ती थेट परीक्षकांच्या टेबलावर."

"आणि विस्तव?"

"चूल. भाकरीची गोष्ट होती. पोरीनं तीन विटा मांडून खरीच पेटवली. धूर असा झाला की परीक्षकांना वाटलं, आपण रडतोय ते अभिनयामुळे."

"पाणी?"

"ते विचारू नका."

मला मजा वाटली. घरात मी किराणा, वीज, गॅस यांचा हिशेब ठेवते, तिथे प्रत्येक आकड्यामागे एक वस्तू असते. इथे प्रत्येक नियमामागे एक मूल होतं. मग मी एकेक नियम बोटाने दाखवत विचारत सुटले. नववा असा होता: 'स्पर्धकाने शाळेच्या गणवेशात सादरीकरण करावे. गणवेशाव्यतिरिक्त कोणतीही वस्तू वापरल्यास स्पर्धक बाद समजला जाईल.' त्याच्यामागे नांगर होता. खरा, लोखंडी फाळाचा. आणताना टेम्पो करावा लागला आणि नेताना स्टेजची फळी बदलावी लागली.

तेवढ्यात एकपात्रीचे कार्यक्रम सुरू झाले, म्हणून आम्हीही मागे जाऊन बसलो.

भोरचा मुलगा न्हावी झाला होता. हातात काहीही नाही. पण त्याने वस्तरा चामड्यावर घासला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी गालावरून हात फिरवला. गिऱ्हाईक बोलायचं थांबत नाही आणि न्हाव्याला त्याची मिशी काही केल्या सारखी करता येत नाही, इतकीच गोष्ट. शेवटी मिशीच उरत नाही. मी खूप हसले.

मग वेल्ह्याकडची मुलगी आली. उंच, सडपातळ, पंजाबी ड्रेसच्या गणवेशातली. गोष्ट अशी: एक आजोबा बोकड घेऊन वेल्ह्याच्या एस.टी.त चढतात, कंडक्टर म्हणतो बोकडाचं तिकीट काढा. तिने गणवेशाची ओढणी डोक्याला गुंडाळली, तो फेटा. सोडून हातात ओढली, ते बोकडाचं दावं, आणि दाव्याला असे हिसके की दुसऱ्या टोकाला बोकड दिसायलाच लागला. मग आजोबांना सुचतं की लहान मुलाला तिकीट नसतं. तिने ओढणी हातांवर गुंडाळली आणि बोकडाचं तान्हं बाळ केलं. कंडक्टर विचारतो, "दाढी कशी काय याला?" आजोबा म्हणतात, "बापावर गेलाय." सगळा मांडव हसला.

ती पहिली आली. न्हावी दुसरा. आणि पुण्याच्या पुढच्या फेरीला दोन्ही तालुक्यांतून जाणार होता फक्त पहिला.

अर्ध्या तासाच्या आत लेखी आक्षेप आणि दोनशे रुपये शुल्क. आक्षेप मान्य झाला तर परत, अमान्य झाला तर जप्त. हा सतरावा नियम. त्या शिंपीकाकांनी दोन्ही टेबलावर ठेवले आणि टोपी सारखी केली. भोरच्या बाजारात त्यांना सगळे चाचा म्हणतात.

"म्हणणं काय आहे, चाचा?" सरांनी विचारलं. ते एकमेकांना ओळखत होते. सरांच्या विजारी पूर्वी त्यांनीच शिवलेल्या.

"सर, पोरगी झ्याक करते. त्यात माझं दुमत न्हाई. पन हिच्या शाळेची गणवेशाची ऑर्डर दोन वर्षं माझ्याकडंच हाय. सातवीपर्यंत मुलींना फ्रॉक. ड्रेस-ओढणी आठवीपास्नं. मी कापड कापतो ना, मला पाठ हाय. ही सातवीत. मग हिच्या गणवेशात ओढणी आली कुठनं?"

मुलीने ओढणी छातीशी गोळा करून धरली, जणू कुणी आताच ओढून नेणार होतं.

तिच्या बाई पुढे आल्या. "सर, फ्रॉक तिला आखूड होतो. एका वर्षात केवढी वाढलीय बघा. बहिणीचा ड्रेस घालते. दिवाळीपासून रोज तोच."

"परवानगी लेखी आहे?" वरव्याच्या गुरुजींनी विचारलं.

"लेखी कशाला? डोळ्यांनी दिसतंय की."

"बाई, नियम डोळ्यांनी बघायचा नसतो. उद्या कुणी दहावीतल्या भावाचा कोट घालून वकील होईल, तेव्हा काय करायचं?"

"पाचवीतला पोरगा दहावीच्या कोटात वकील न्हाई, कपाट दिसंल," बाई म्हणाल्या. गुरुजी हसले नाहीत.

न्हावी झालेला मुलगा बाकावरून पुढे सरकला. एकदम म्हणाला, "मी वस्तरा पन हातानंच दाखवला. कात्री, आरसा, सगळं. नानांनी खरी कात्री देऊ केलती, म्या न्हाई घेतली." नाना म्हणजे चाचाच, मुलगा त्यांच्या लेकीचा. त्याचं म्हणणं मला पटलं. नियम पाळणं हेसुद्धा काम असतं आणि त्याने ते केलं होतं. ओढणी वस्तू ठरली तर तो पुण्याला जाणार होता, कपडा ठरली तर ती. मधला रस्ता नव्हता.

मला मात्र दुसऱ्याच गोष्टीची उत्सुकता लागली होती. कपड्याची वस्तू नेमकी कधी होते? मी पदराने गरम पातेलं उतरवते, पदरात शेंगा घेते, नाक पुसायला धाकटी माझाच पदर ओढते. तेवढ्यापुरता तो पदर राहत नाही का? गटाच्या बैठकीला येणाऱ्या एक आजी पदराला गाठ मारून हप्ता आणतात. म्हणून काही कुणी साडीला पाकीट म्हणत नाही. मी हे मोठ्याने बोलले. सर म्हणाले, "वहिनी, आपल्याला एवढ्या खोलात जायचं नाही." मग स्वतःच म्हणाले, "पण मुद्दा आहे."

मी मुलीला विचारलं, "बाळ, ओढणी तू गोष्टीसाठी आणलीस का?"

"न्हाई ओ. ड्रेसवर असतीच की ती. बिनओढणीचा कसा घालणार? आई घराभाईर सोडायची न्हाई." मग हळूच म्हणाली, "आदी मी पन हातानंच करायचे. पन दावं ओढताना ओढणी सारकी मधी यायची. मग तिचंच दावं केलं."

चाचांनी मान हलवली. शिंप्याला हे कळलं असावं. मी त्यांच्याकडे वळले.

"चाचा, कुणी ड्रेस शिवायला टाकला तर ओढणीचे पैसे वेगळे घेता?"

"न्हाई ताई. तीन नगांचा सेट. कमीज, सलवार, ओढणी. दर एकच."

"नुसतं कमीज-सलवार द्या म्हटलं तर?"

"आँ? तसं कोन मागतं? अर्धा ड्रेस काय..." ते मध्येच थांबले. गळ्यातला टेप हातात घेतला, परत सोडला. "ताई, तुमी माझ्याकडनंच माझं कापड कापून घेतलं."

"मी फक्त दर विचारला."

"व्हय. तेच तर."

सरांनी नववा नियम पुन्हा वाचला. त्यात 'शाळेच्या गणवेशात' असं होतं. इयत्तेच्या गणवेशात, असं कुठेच नव्हतं. कापड त्या शाळेचं होतं हे तर ते कापणारेच सांगत होते. सरांनी मत आक्षेपाच्या विरुद्ध दिलं, मीही. गुरुजींनी आक्षेपाच्या बाजूने दिलं आणि कारण लिहायला लावलं: 'नियम सैल आहे, पुढे त्रास होईल.' मी ते जसंच्या तसं लिहिलं. ते चूक आहेत असं मला अजूनही छातीठोक सांगता येत नाही.

दोन विरुद्ध एक. आक्षेप अमान्य.

मुलीने ओढणी सोडली. ती सुरकुतून बोळा झाली होती. बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःच डोळे पुसले, आपल्याच पदराने. न्हावी झालेला मुलगा खिडकीकडे बघत राहिला. मग, कुणाकडे न बघता, त्याने विचारलं, "फेटा पिनीशिवाय कसा ऱ्हातो गं?"

"शेवट आत खोचायचा. थांब, दावते." तिने त्याच्याच डोक्याला ओढणी बांधली. तो अगदी ताठ बसला. चाचा म्हणाले, "बघा, आता ह्योपन बाद."

राहिले दोनशे रुपये. शुल्क जप्त, एवढंच नियमात होतं. कुणाकडे जमा, ते नव्हतं. सर म्हणाले, यजमान शाळेच्या खात्यात टाका. गुरुजी म्हणाले, समितीच्या चहात टाका. मी म्हटलं, चहा माझ्यासमोर दोनदा झालाय आणि तो शाळेने दिलाय. मग मी बाईंना विचारलं, पुण्याला जायचा खर्च कोण करतं? कागदावर होतं, 'प्रवासखर्च स्पर्धकाच्या शाळेने करावा.' बाई म्हणाल्या, "शाळा म्हंजे मीच."

बायकांना एस.टी.ला अर्धं तिकीट. दोघींचं जाणं-येणं त्या दोनशेत बसत होतं. मी तसं सुचवलं आणि चाचांकडे पाहिलं.

त्यांच्या आधी नातूच बोलला. फेटा अजून डोक्यावरच होता. "म्हंजे माझ्याच पैशानं ही पुण्याला जानार?"

"पैसं माझं हाय," चाचा म्हणाले. "तुझी फकस्त तक्रार व्हती."

मुलगी म्हणाली, "बोकडाचं तिकीट न्हाई काडत मी. उरलेलं परत देते."

सरांनी मला एक नियम लिहून द्यायला सांगितला, पुढच्या वर्षीच्या कागदासाठी. मी लिहिलं: 'स्पर्धकाच्या अंगावरचा गणवेश त्याच्या शाळेचा आहे एवढेच पाहावे, इयत्ता पाहू नये. गणवेशाचा कोणताही भाग कसाही वापरता येईल.' गुरुजींनी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. "कोणताही भाग? बेल्ट आला, बूट आला. एखादा बूट फेकेल." ते बरोबर होतं. मी 'फेकण्याव्यतिरिक्त' हा शब्द घातला. विसावा नियम. कधीतरी कुणी कागद वाचताना विचारेल, सर, फेकण्याव्यतिरिक्त म्हणजे काय, कुणी काय फेकलं? आणि सांगावं लागेल की कुणीच काही फेकलं नव्हतं, एक मुलगी एका वर्षात फार उंच झाली होती.

रुपये दोनशे, जप्त आक्षेप शुल्कातून, प्रवासखर्चापोटी, वेल्ह्याकडच्या बाईंना रोख दिले. पावतीवर त्यांची सही घेतली, आणि साक्षीदार म्हणून चाचांची.