गोपीतालाचे दरोगा सूर्याजीराव

ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत बत्तीस वर्षं घासली, साहेब लोक पोत्यानं पाहिले; पण ज्याच्यापुढे माझी मान आपोआप खाली गेली असा माणूस एकच. सूर्याजीराव, गोपीतालाचे दरोगा. तळ्याचा दरोगा म्हणजे कोण, तर बांध फुटू नये, मासे चोरीला जाऊ नयेत आणि पाण्यात शेवाळ माजू नये, एवढं बघणारा. हुद्द्यानं मी, मुकुंदराव कारकून, त्यांच्याहून वरचा. अकलेचं मात्र विचारू नका.

आता एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे माझ्यासारखं गाढव ठरायची पाळी तुमच्यावर यायला नको. शेवटची तीन वर्षं हा माणूस ठार आंधळा होता. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक. एक त्यांच्या पत्नी शांताताई, दुसरा त्यांची नाव वल्हवणारा म्हातारा ढीमर, म्हणजे इकडचा कोळी, घसीटे. खात्याला कळलं असतं तर नोकरी गेली असती आणि बांधावरचं सरकारी घरही गेलं असतं. दुसरा आसरा नव्हता. आणि मी? रोज त्यांच्यासमोर बसून कागद वाचायचो. "मुकुंदराव, तुम्हीच वाचा हो, तुमच्या तोंडून सरकारी भाषासुद्धा गोड लागते," असं ते म्हणायचे आणि मी फुगून टुम्म! मी बोट ठेवीन तिथं, माझं बोट चाचपून, सही करायचे. मला वाटायचं, काय हा विश्वास!

घराणं पागेतलं. दख्खनेतून तलवार घेऊन आलेले पूर्वज, पाण्याशी सात पिढ्यांत कोणाचा संबंध नाही. घोड्यानं पाडलं, मांडी मोडली, आणि लंगड्याला स्वार कोण ठेवतो, म्हणून तळ्यावर टाकलं. घसीटेच्या नावेत बसून ते पाणी शिकले. नावेच्या टोकाशी पालथे पडायचे, हात कोपरापर्यंत पाण्यात. हाताला लागेल ती वेल बोटांत चुरडायची आणि निवाडा द्यायचा: "ही राहू दे, हिच्यात रोहूची पिल्लं लपतात. ही उपटा." पाणी नुसतं हुंगून सांगायचे, की उत्तरेच्या कोपऱ्यात काहीतरी कुजतंय. घसीटे नाव तिकडे न्यायचा आणि खरंच तिथं मेलेली म्हैस सापडायची. मला बापड्याला सगळं पाणी एकाच वासाचं.

छत्तीस सालच्या वैशाखात तळ्यावर शेवाळ असं माजलं, की वल्हं रुतायचं. त्याच महिन्यात खात्यावर नवे साहेब आले, मानसिंगराव. विलायतेत शिकलेले, बोलणं चाबकासारखं. शुक्रवारी दरबारचे पाहुणे गळ टाकायला येणार, त्याआधी तळं लख्ख हवं, असा हुकूम सुटला. उपाय मोरचुदाचा. इकडे त्याला नीला थोथा म्हणतात. गोणीत खडे भरायचे, गोणी दोरीनं नावेमागे बांधायची आणि नाव तळ्यावरून फिरवत राहायची. खडे विरघळतात, शेवाळ मरतं.

"तिसरा हिस्साच करू, साहेब," सूर्याजीराव म्हणाले. "बाकीचं पंधरा दिवसांनी."

साहेबांनी ऐकलंच नाही. सोमवारी अर्धं तळं करून टाकलं. बुधवारपर्यंत तेवढ्या भागातलं पाणी असं निवळलं, की मी खुळ्यासारखा खूश झालो. सकाळी आठाला साहेब घोड्यावरून उतरले ते "उरलेलं आज उरका" म्हणतच. गोण्या भरून तयार होत्या. सूर्याजीराव लंगडत गेले आणि गोण्यांच्या पुढे उभे राहिले.

"नको, साहेब. मेलेलं शेवाळ कुजतंय, ते पाण्यातली हवा खातंय. आज आणखी मारलंत तर उद्या सगळे मासे उलटे तरंगतील. चाळीस ढीमरांची घरं ह्या तळ्यावर जगतात."

"कोण म्हणतं?"

"आज पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तळंभर."

साहेबांनी पाण्याकडे पाहिलं. ऊन वर आल्यावर मासे पुन्हा खाली जातात, हे त्यांना काय माहीत? "मला एकही दिसत नाही. मुकुंदराव, तुम्हाला?"

"नाही, साहेब," मी म्हणालो. खरं तेच बोललो, पण ती जीभ मला अजून खुपते.

"दरोगा, तुम्ही नेमकं कुठं पाहिलंत? बोट करून जागा दाखवा, नाहीतर बाजूला व्हा."

कुठंही बोट केलं असतं तरी चाललं असतं हो! पण नाही. घसीटे पुटपुटला, "मत बोलो, दरोगाजी, मत बोलो." सूर्याजीरावांनी दोन्ही हात खाली सोडले.

"पाहिलं नाही, साहेब. ऐकलं. मला दिसत नाही. तीन वर्षं झाली."

तीन वर्षांचे सगळे कागद, सगळ्या सह्या डोळ्यांपुढून गेल्या. साहेबांनी गोण्यांपाशी उभ्या माणसांना हातानं थांबवलं. मग म्हणाले, "उद्या पहाटे मला ऐकवा."

गुरुवारी झुंजुमुंजू होताना आम्ही चौघं नावेत होतो. आणि काय सांगू तुम्हाला! भात रटरटावा तसा आवाज साऱ्या तळ्यातून येत होता. उजेड फुटला तशी तोंडं दिसू लागली. हजारो तोंडं, उघडताहेत, मिटताहेत. सूर्याजीराव मान तिरपी करून ऐकत होते. ते ओरडले, "घसीटे, बोलाव सगळ्यांना! पाणी झोडपा, हवा मिसळू द्या!" वीस नावा धावल्या, वल्ही आपटू लागली, बाया काठावरून बांबू मारू लागल्या. आंधळा माणूस नुसत्या कानानं सांगत होता, इकडे या, तिकडे जा, काठच्या वडाखाली जास्त तडफडताहेत. देवाशपथ सांगतो, असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. साहेबांनी टोपी काढून ठेवली आणि स्वतः वल्हं घेतलं.

ऊन चढलं तसा आवाज थांबला. पाचपन्नास मेले, बाकी तगले. काठावर येऊन साहेबांनी गोण्या परत पाठवल्या, पाहुण्यांची सोय दुसरीकडे करायला सांगितली. मग खाली बघत म्हणाले, "दरोगा, तुमचं म्हणणं खरं होतं. पण डोळे नसलेला माणूस ह्या जागेवर मला ठेवता येत नाही. शनिवारी घर रिकामं करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, डोळे तर आपल्या दोघांनाही होते!" मी बोलून गेलो.

"ते मला कळतं, मुकुंदराव," ते म्हणाले. एवढंच.

शांताताई बांधावर उभ्या होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मासे वाचले," सूर्याजीराव म्हणाले. "घर गेलं."

"मासे वाचले ना? मग चला." आणि साहेब, मी, चाळीस घरचे ढीमर बघत असताना त्या बाईनं पुढं होऊन नवऱ्याचा हात धरला. त्या काळात नवऱ्याच्या बरोबरीनं चालणंसुद्धा मराठ्यांच्या घरात बसत नसे. मी तोंड आ वासून बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या, "तीन वर्षं ह्यांना वाट कळावी म्हणून चार पावलं पुढं चालून बांगड्या वाजवल्या, भाऊजी. हात धरला असता तर कळलं असतं सगळ्यांना. आता धरते."

दोघं हातात हात घालून बांधावरून घराकडे निघाली. आम्ही सगळ्यांनी बाजूला सरून वाट दिली, मानसिंगरावांनीही.