नालीची बाटली

सेहत खात्यातले गुंडेराव बिदरच्या दवाखान्यात पाणी तपासत. काचेच्या नळीतल्या, जंतू वाढवणाऱ्या रसात पाण्याचे थेंब टाकून दोन दिवस उबेत ठेवायचे. बुडबुडे आले, की पाण्यात माणसाची घाण मिसळली असं समजायचं. "हे जंतू स्वतः मारत नाहीत," ते सांगायचे, "पण गिधाडं घिरट्या घालतात तिथं ढोर मेलेलं असतंच."

दुबलगुंडीकडच्या एका गावात पटकीचे दोन रोगी निघाले आणि लोकांनी विहिरीवर काटेरी बोराटी टाकून ती बंद केली. गुंडेरावांनी विहिरीची आणि ताडून पाहायला शेजारच्या नालीची अशा दोन बाटल्या आणल्या. एकीतही बुडबुडा आला नाही. 'पाणी पिण्यालायक' असा कागद त्यांनी गावाला धाडला. पण नाली कशी काय स्वच्छ निघाली, हे त्यांच्या मनात सलत राहिलं.

चार दिवसांनी ते परत गेले. मागच्या खेपेला ते जेवत असताना पाटलांच्या सोजराबाईंनी बाटल्या भरल्या होत्या. नालीची बाटली कुठून भरली, हे त्यांनी विचारलं.

"पाव्हण्याला नालीत हात कामून घालू द्यावा?" सोजराबाई म्हणाल्या. "अन् सरकारला घाण कशी धाडावी? तांब्याच्या घागरीतलं रातचं पाणी भरलं. लई निर्मळ असतंय."

गुंडेरावांना हसू आलं, आणि तिथंच विरलं.

"आणि विहिरीची बाटली, अक्का?"

"तीबी त्याच घागरीतली."

बाहेर विहिरीवरची बोराटी कधीच काढून टाकलेली होती, आणि रहाट करकरत होता.