कुंडीतून वर न आलेला दुसरा आवाज

आधीच सांगते, मी या लायनीतली नाही. पुसदला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कित्येक वर्षं लोकांचं रक्त काढते. स्लाइडवर दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही — इतकं साधं आहे माझं. एका अंगात येणाऱ्या बाईला मी भर कार्यक्रमात म्हटलं होतं, की काकू, उपाशीपोटी येऊन शुगर तपासून घ्या. (निघाली पण होती शुगर.) या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव माझा नवरा वाचतो आणि घाबरतो, मी हसते. म्हणून आज स्वतःच लिहायला बसले तर कसंतरी होतंय. पण आम्ही तिघांनी आपल्या कानांनी ऐकलंय, आणि माझ्या आईच्या अंगावर ते घडलंय. बाकी ज्याचं त्यानं ठरवावं.

आम्ही बंजारा. महागाव तालुक्यात आमचा तांडा. आईला आम्ही याडी म्हणतो. आमच्यातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं रडणं नाही, सुरात. एकीनं ओळ घ्यायची, दुसरीनं तिच्या खांद्यावर तोंड ठेवून पुढची ओळ जोडायची. कोण गेलं, कसं गेलं, त्याला काय आवडायचं… सगळं त्यात येतं. घरात मौत झाली तर तांड्या-तांड्यांतून बाया येतात आणि एकेक जण घरच्या बाईला अशी रडवून मोकळी करते. बाहेरच्यांना नाटक वाटतं. होस्टेलवर मैत्रिणी याची नक्कल करायच्या, आणि मीसुद्धा त्यांच्यासोबत दात काढायची. आता लाज वाटते.

माझा धाकटा भाऊ प्रकाश कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. नागपूरला नेलं होतं, तिकडंच सगळं उरकलं, घरी नुसता फोन आला. वडील आधीच गेलेले, प्रकाशचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे घरात याडी एकटी. तांड्यात कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं. मी पुसदहून गेले. दिवसभर त्याच रोगाचे नमुने हाताळत होते, म्हणून अंगणातच उभी राहिले. याडी दोन्ही हात पुढं करून दारातून माझ्याकडं आली… आणि मी मागं सरकले. दोन पावलं. डोक्यानं विचार केला तर बरोबरच केलं. पण ती होती तिथंच थांबली, हात खाली घेतले आणि म्हणाली, "च्या मांडते."

त्या दिवसापासून याडी रडली नाही. एकदासुद्धा नाही. पुढं सगळं उघडल्यावर नात्यातल्या बाया आल्या, गळ्यात पडल्या, तर ही त्यांचीच पाठ थोपटायची, जसं काही त्यांचंच कोणी गेलंय. एकच वाक्य कधीमधी बोलायची — पोरगं एकटं मेलं माझं, घरचं कोणी जवळ नव्हतं. मी तिला पुसदला आणलं. दोन वर्षं झाली, जेवण कमी कमी होत अर्ध्या भाकरीवर आलं. माझ्याच हातानं तिचं रक्त काढायची, आणि दर वेळी हिमोग्लोबिन आणखी खाली. सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, रोग काही नाही, यांनी मनानं सोडून दिलंय, असंच चाललं तर जास्त दिवस नाहीत. मी लॅबच्या मागं जाऊन रडून आले. मला येतं रडायला, तिलाच येत नव्हतं.

बुऱ्हाणपूरची कल्पना नवऱ्याची. शेगावला दर्शन करू, मुक्काम करू, दुसऱ्या दिवशी बुऱ्हाणपूर बघू, तिथं एका दिवसात सगळं फिरवणारा गाइड मिळतो म्हणे. मी म्हटलं, जिला घास उतरत नाही तिला किल्ले कायले दाखवता? पण याडीला विचारलं तर म्हणाली, ने कुठंबी. तिचे पणजोबा बैलांवर मीठ आणि धान्य लादून त्या बाजूनं जायचे, एवढं तिला लहानपणचं ऐकून माहीत होतं.

गाइड हनीफचाचा म्हणून होते. सत्तरीचे, पांढरी दाढी, पायात स्पोर्ट शूज, आणि थंडीच्या दिवसांत हातात छत्री. ऊन नाही, पाऊस नाही, मग छत्री काहून? तर ती बोट दाखवायला. शाही किल्ल्यातल्या हमामखान्याचं रंगीत छत त्यांनी छत्रीच्या टोकानं दाखवलं, खालून वाहणारी तापी दाखवली. जामा मशिदीत संस्कृतात कोरलेला लेख दाखवला. माणूस मोठा गोड बोलायचा, याडीला 'अम्मा, संभल के' म्हणत पायरी-पायरीला थांबायचा. ती आपली बघायची आणि पुढं चालायची, जसं कोणी दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघतं.

दोनदाच बोलली. मुघलांच्या फौजेला इथून दख्खनेत धान्य जायचं, ते बंजारे आपल्या बैलांवर न्यायचे, असं चाचा म्हणाले तेव्हा ती हळूच म्हणाली, आमचेच. दुसऱ्यांदा आहूखान्यात. मुमताजबेगम बुऱ्हाणपुरातच गेली, ताजमहाल नंतरचा, आधी तिला नदीपलीकडं या बागेत ठेवलं होतं, बादशहा इतका रडला की केस पांढरे झाले — हे चाचांनी अगदी रंगवून सांगितलं. याडीनं शांतपणे ऐकलं आणि मला म्हणाली, "त्याले इचार, बायांमंदी कोण होतं तिच्याजवळ रडायले?"

मी हिंदीत विचारलं. चाचा छत्री टेकून उभे राहिले. इतकी वर्षं हे दाखवतोय, म्हणाले, हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मला माहीत नाही. मी आपला फोन काढून फोटो काढत राहिले.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही कुंडी भंडाऱ्यावर पोचलो. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. डोंगरातून झिरपणारं पाणी शहरात आणायला जमिनीखाली खोल एक लांब बोगदा खोदलेला आहे, शेकडो वर्षांपूर्वीचा. त्याला ओळीनं विहिरीसारखी तोंडं ठेवलीत, त्यांना कुंड्या म्हणतात. वर नुसते बांधलेले गोल कठडे दिसतात. एका कुंडीतून लिफ्टनं खाली जाता येतं. याडी म्हणाली, मी नाई उतरत, मेल्यावर खालीच जायचं हाय. पुढच्या कुंडीजवळ झाडाखाली तिला बसवलं, पाण्याची बाटली दिली, आणि फाटकापाशी बसलेल्या चौकीदाराला लक्ष ठेवायला सांगितलं. आजूबाजूला मोकळं रान होतं. आमच्याशिवाय त्या वेळी दुसरे पर्यटक नव्हते.

खाली मी, नवरा आणि चाचा. गुडघ्याला लागेल इतकं पाणी, स्वच्छ, आणि भिंतींवर चुन्यासारखा पांढरा थर. वरच्या कुंडीतून उजेड पडतो तेवढाच. चाचा सांगत होते की वर कोणी बोललं तर इथं बाजूला उभं राहून बोलल्यासारखं ऐकू येतं. आणि ते सांगता सांगताच त्यांनी मान वर केली.

"ऊपर दो औरतें रो रही हैं," म्हणाले.

मी कान दिला. आमचं रडणं होतं ते. सुरातलं. पहिला आवाज ओळखायला मला वेळ लागला, कारण दोन वर्षं मी तो ऐकलाच नव्हता… याडी. घोगरा, गंज चढलेला, पण याडीच. आणि तिची ओळ संपते न संपते तोच दुसरी उचलत होती. म्हातारीचा आवाज, पण दणदणीत, खाली दबलेला नाही. आमच्या तांड्यात आता इतकं जुनं वळण कोणाच्या गळ्यात नाही. माझी आजी गायची तसं.

कोणी म्हणेल एको. एको मला कळतो. एको तेच शब्द परत आणतो. याडी म्हणत होती, कुठं गेला रं. आणि दुसरी म्हणत होती, "वाटू एकलो कोनी, बाई… एकलो कोनी." गोरबोलीत म्हणजे — वाटू एकटा नाही, बाई, एकटा नाही.

नवऱ्यानं माझा दंड धरला. "वाटू कोण हाय?"

तो आमचा जावई, तांड्यात पंधरा वर्षांपासून येतो-जातो, आणि त्याला माहीत नव्हतं. कसं असेल? प्रकाशचा जन्म वाटेत झाला होता, ऊसतोडीला जाताना. म्हणून याडी आणि वडील त्याला वाटू म्हणायचे, तेही लहानपणी, मांडीवर असताना. मी त्याला पक्या म्हणायची. शाळेत प्रकाश, मित्रांमध्ये प्रकाशभाऊ. वाटू हे नाव वडील गेल्यावर याडीशिवाय कोणाच्या तोंडी राहिलं नव्हतं.

मी पाण्यातून धडपडत लिफ्टकडं गेले. ती लिफ्ट वर जायला किती वेळ लागला ते विचारू नका, मला जन्म गेल्यासारखं वाटलं. वर आले तेव्हा याडी कठड्याला टेकून बसलेली, तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि ती एकटीच गात होती. दुसरं कोणी नव्हतं. चौकीदार पाण्याचा तांब्या घेऊन येत होता. तो म्हणाला, अम्मा एकट्याच बसल्या होत्या, मग रडायला लागल्या, दुसरा आवाज मला वाटलं तुमचा आहे, खालून येतोय.

मग मी ते केलं जे अंगणात करायचं होतं. तिच्या गळ्यात पडले. मला सूर येत नाही, ओळी येत नाहीत, मी आपली भोकाड पसरून रडले. ती मात्र माझ्या खांद्यावर तोंड ठेवून वाटूचं सगळं सांगत होती. त्याला ज्वारीच्या कण्या आवडायच्या, त्याला विजेची भीती वाटायची… चाचा पाठ फिरवून उभे राहिले, छत्रीनं जमीन टोकरत. नवऱ्याचंही काही खरं नव्हतं.

आणि तेव्हा माझ्या हाताला लागलं. तिच्या उजव्या खांद्याचा मागचा भाग, पाठीकडचा, पदर आणि ब्लाउज दोन्ही ओलं. चिंब म्हणावं इतकं. माझं तोंड तिच्या डाव्या खांद्यावर होतं, म्हणजे माझे अश्रू तिकडं. स्वतःचे अश्रू स्वतःच्या पाठीवर पडत नाहीत, हे सांगायला लॅब लागत नाही. बाटली तिच्या बाजूला तशीच, झाकण लावलेली, भरलेली.

गाडीत मी विचारलं, कोण होती. एक बाई होती, म्हणाली. मागून आली, बसली, गळ्यात पडली. चेहरा? "गळ्यात पडल्यावर तोंड कोठं दिसते, बह्याड?" असं म्हणून तिनं मला वेड्यात काढलं. दोन वर्षांनी मला बह्याड म्हणाली, आणि मला पुन्हा रडू फुटलं. त्या संध्याकाळी चौकातल्या गाडीवर तिनं मावा जिलेबी खाल्ली. एक नाही, दीड. चाचा आपले पैसे घेत नव्हते, आम्ही खिशात कोंबले.

मी सगळं तपासून बघितलं, स्वभाव आहे माझा. त्या भागातही आमचे तांडे आहेत, रानात कामाला आलेली एखादी बाई असू शकते. मानलं. रडणं ऐकून रीतीप्रमाणं ती गळ्यात पडली असेल. मानलं. वाटू हे नाव याडीनंच आधी घेतलं असेल, तिनं उचललं असेल. तेही मानलं. पण मोकळ्या रानात ती आली आणि गेली, आणि फाटकावरच्या माणसाला दिसली नाही? आणि वाटू एकटा नव्हता, हे तिला कोणी सांगितलं? याडीला नेमकं तेवढंच ऐकायचं होतं. इथं माझं डोकं थांबतं. तो पदर धुण्याआधी मायक्रोस्कोपखाली बघायला हवा होता, असं कधी कधी वाटतं. पण काय दिसलं असतं, मीठ आणि पाणी. जी कोणी होती तिचे मी रोज मनातल्या मनात पाय धरते. जे माझं काम होतं ते तिनं केलं.

याडी आता तांड्यात परत राहायला गेलीय. पोटभर जेवते, आणि तिला एक नवीनच खूळ लागलंय. त्या लाटेत ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आणि रडायला कोणी पोचलं नाही, अशी घरं ती शोधत फिरते. एसटीनं जाते. महागाव, पुसद, मागच्या महिन्यात तर बाभुळगावपर्यंत गेलती. जात बघत नाही, नातं बघत नाही. दार वाजवते, घरच्या बाईला जवळ घेते आणि सुरू होते. पहिल्यांदा बाया दचकतात. मग त्यांचा बांध फुटतो. कोणी विचारलं की तू कोण, तर नाव सांगत नाही, च्यासुद्धा न घेता उठते. मी म्हटलं, अगं निदान नाव तर सांग. तर म्हणते, मले कोणी सांगितलं होतं?

तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी एक अनोळखी म्हातारी आली असेल, तुमच्या आईच्या गळ्यात पडून भाषा कळत नसतानाही तिला रडवून गेली असेल, आणि तुम्ही अजून विचार करत असाल की ती कोण होती… तर बुऱ्हाणपूरच्या बाईचं उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्या घरी आलेली मात्र माझी याडी होती.