बयाबाईची इर्जिक

कान्हे गावची बयाबाई तिच्या डोंगरउताराचं गवत मुंबईच्या तबेल्यांना विकायची. एकटीनं निम्मं कापायची, निम्मं उभं वाळून जायचं. १९६४ साली तिच्या मुलाला, निवृत्तीला, अमेरिकेतल्या विद्यापीठानं फी माफ केली, पण बोटीचं भाडं त्याचं त्यानंच भरायचं होतं. मी त्यांचा शेजारी, लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्याकडं मदत मागायला गेलो. तो म्हणाला, "गवत कापणाऱ्यांना अमेरिका कशाला?" माझं डोकं फिरलं. त्याचा चहा तसाच टाकून उठलो.

बयाबाई हसली. "भाऊ, भीक कशापायी मागता? इर्जिक घालू."

इर्जिक म्हणजे गावानं एकाच्या रानात दिवसभर फुकट राबायचं. त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं आणि पुढं प्रत्येकाच्या रानात राबून तो दिवस फेडायचा. चाळीस विळे आले, त्यात शिदूचाही होता. गाणी म्हणत म्हणत अख्खा उतार बोडका केला. गवत मुंबईला गेलं, भाडं निघालं, निवृत्ती बोटीत बसला.

चार वर्षांनी तो पदवी घेऊन परतला. मी हार घेऊन घरी गेलो, तर बयाबाईनं त्याच्या हातात विळा दिलेला.

"सत्कार मागनं! आदी शिदूभाऊच्या गवताला जा. चाळीस दिस तुज्यासाठीच ठेवल्यात म्या."

आम्ही शिदूच्या रानात गेलो, तिथं निवृत्तीचा विळा वाकडातिकडा चालायला लागला. शिदू बांधावरून ओरडला, "काय रं, अमेरिकेत विळा धरायला शिकवीत न्हाईत व्हय?"

"न्हाई ना आबा, म्हणून तर परत आलो!"

मी हार झाडाला अडकवला आणि दुसरा विळा उचलला.