शकुनाचा आकडा

देऊळघाटचा आमचा कॉम्प्युटरवाला कुठलाच आकडा शून्यावर संपवत नाही. आहेराच्या पाकिटासारखा वर एक लागतोच त्याला. मोबाइलवरून विहिरीचा पंप चालवणाऱ्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला नेटवर न बदलणारा आकड्यांचा पत्ता द्यावा लागतो. मी थोरला, म्हणून माझ्या पत्त्याच्या शेवटी त्यानं टाकलं एकशे एक. धाकट्या भावाच्या पंपाला एक्कावन्न.

"मले काऊन एक्कावन्न?" धाकटा उसळला. "वाटणी तं बरोबरीची झाली!"

"एका नेटवर दोघायले एकच आकडा चालत नाही, भाऊ. दोन्ही पंप बंद पडतीन," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

धाकटा हटेना. कॉम्प्युटरवाल्यानं दोन्हीकडे एकशे एक टाकलं आणि सवयीप्रमाणे दोन्ही कॉम्प्युटरांना हात जोडले. दोन्ही पंप बंद पडले.

"झाली नं आता बरोबरीची?" कॉम्प्युटरवाला म्हणाला, आणि चहा मागितला.